लिस्बन ते हेलसिंकी : हवाई अंतर आणि प्रवासाचा वेळ स्वतः कसा काढायचा

आधी उत्तर. लिस्बन आणि हेलसिंकी या दोन विमानतळांमधलं हवाई अंतर सुमारे ३,३६४ किलोमीटर आहे. थेट विमानाला लिस्बनहून हेलसिंकीला जायला साधारण ४ तास ४० मिनिटं लागतात, तर परतीला ५ तासांच्या थोडं वर. घड्याळ मात्र वेगळंच सांगतं. दुपारी १२ला लिस्बन सोडलं की हेलसिंकीत उतरेपर्यंत तिथे संध्याकाळचे ६:४० झालेले असतात. उलट हेलसिंकीहून १२ला निघालं तर लिस्बनमध्ये दुपारचे ३:०५च वाजलेले असतात.

हे आकडे कुठून आले ते एकदा नीट समजलं, की युरोपातल्या कुठल्याही दोन विमानतळांसाठी तेच गणित करता येतं. लिस्बन-हेलसिंकी ही जोडी मुद्दाम घेतली आहे. ती युरोपाच्या जवळजवळ एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत जाते, मध्ये दोन तासांचा घड्याळी फरक आहे आणि दिशा तिरकी असल्यामुळे वाऱ्याचा परिणामही चांगला दिसतो. किलोमीटर ठरलेले असतात, ते एकदाच काढायचे. वेळेचं तसं नाही. वेळ चारपाच वेगवेगळ्या गोष्टी जोडून तयार होतो आणि चुका बहुतेक तिथेच होतात.

विमानतळ नक्की कोणता?

शहर ते शहर अंतर आणि विमानतळ ते विमानतळ अंतर या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. नकाशावर शहराच्या नावावर टिचकी मारून मिळणारा आकडा शहराच्या मध्यापासूनचा असतो. लिस्बनला त्याने फार बिघडत नाही, कारण तिथला उंबेर्तु देल्गादु विमानतळ शहरातच आहे. हेलसिंकीचा विमानतळ शेजारच्या वान्ता शहरात आहे, तिथेही फरक थोडाच पडतो. पण स्वस्त तिकिटांच्या बाबतीत सावध राहा. ‘फ्रँकफर्ट-हान’ फ्रँकफर्ट शहरापासून शंभर किलोमीटरहून जास्त लांब आहे आणि ‘पॅरिस-बोवे’ पॅरिसपासून ८० किलोमीटरच्या पुढे. विमानाचा वेळ तिथे कमी दिसला तरी बसचा दीड तास त्यात धरलेला नसतो.

म्हणून तिकिटावरचा तीन अक्षरी कोड बघायचा. इथे लिस्बनसाठी एलआयएस आणि हेलसिंकीसाठी एचईएल आहे. गणितात अक्षांश-रेखांश त्याच विमानतळाचे घ्यायचे.

अंतर काढायची पद्धत

पृथ्वी गोल असल्यामुळे दोन ठिकाणांमधला सगळ्यांत जवळचा मार्ग म्हणजे बृहत्वृत्ताचा कंस. भूगोलाच्या पुस्तकातलं बृहत्वृत्त हेच : ज्याचं केंद्र पृथ्वीच्या केंद्राशी जुळतं असं वर्तुळ. या कंसाची लांबी हॅवरसाइन सूत्राने काढतात. साधं वैज्ञानिक गणकयंत्र किंवा संगणकातली स्प्रेडशीट त्यासाठी पुरते.

१. विमानतळांचे अक्षांश-रेखांश घ्या. लिस्बन : ३८°४६′२७″ उत्तर, ९°०८′०३″ पश्चिम. हेलसिंकी : ६०°१९′०२″ उत्तर, २४°५७′४८″ पूर्व.

२. दशांशात आणा. मिनिटांना ६०ने आणि सेकंदांना ३,६००ने भागून अंशांत मिळवायचं. लिस्बन होतं ३८.७७४२ आणि −९.१३४२, हेलसिंकी ६०.३१७२ आणि २४.९६३३. पश्चिम रेखांश नेहमी उणे.

३. फरक काढा. अक्षांशांचा फरक २१.५४३०, रेखांशांचा ३४.०९७५. दोन्ही निम्मे करा : १०.७७१५ आणि १७.०४८७५.

४. दोन्ही निम्म्यांचे साइन काढून वर्ग करा. पहिला येतो ०.०३४९३, दुसरा ०.०८५९६.

५. दुसऱ्या वर्गाला दोन्ही अक्षांशांच्या कोसाइनने गुणा. लिस्बनचा कोसाइन ०.७७९६२, हेलसिंकीचा ०.४९५२०. गुणाकार ०.०३३१९.

६. यात पहिला वर्ग मिळवा : ०.०३४९३ + ०.०३३१९ = ०.०६८१२. याचं वर्गमूळ ०.२६०९९.

७. वर्गमूळाचा व्यस्त साइन रेडियनमध्ये काढा (०.२६४०४), दुप्पट करा (०.५२८०९) आणि पृथ्वीच्या सरासरी त्रिज्येने, म्हणजे ६,३७१ किलोमीटरने, गुणा. उत्तर ३,३६४ किलोमीटर.

पृथ्वी पूर्ण गोल नाही, ध्रुवांकडे किंचित चपटी आहे. तो चपटेपणा धरणारी सूत्रं वापरली तर या मार्गावर पाचेक किलोमीटरचा फरक पडतो. दोन संकेतस्थळं ३,३६४ आणि ३,३७० असे वेगळे आकडे दाखवतात तेव्हा कारण बहुतेक हेच असतं. दोन्ही चालतात.

उत्तर चुकलं तर कुठे शोधायचं? सगळ्यांत पहिला संशय पश्चिम रेखांशाच्या उणे चिन्हावर घ्यायचा. ते विसरलं की लिस्बन सार्डिनियाच्या दक्षिणेला भूमध्य समुद्रात जाऊन पडतं आणि अंतर २,६३८ किलोमीटर येतं. आकडा अगदी पटण्यासारखा दिसतो, म्हणूनच ही चूक निसटते. दुसरी चूक म्हणजे ३८°४६′ हे ३८.४६ असं लिहिणं. ४६ मिनिटं म्हणजे ०.४६ अंश नव्हेत, ०.७७ अंश. एवढ्याने लिस्बन सुमारे ३५ किलोमीटर दक्षिणेला सरकतं. तिसरी चूक स्प्रेडशीटमधली : तिथे साइन-कोसाइनला कोन रेडियनमध्ये लागतो. अंशच भरले तर उत्तर इतकं विचित्र येतं की चूक लगेच कळते, त्यामुळे तिची फार भीती नाही.

एककांचाही गोंधळ होतो. विमानचालनात सागरी मैल वापरतात, १ सागरी मैल = १.८५२ किलोमीटर. प्रवासाची बरीच इंग्रजी संकेतस्थळं साधे मैल दाखवतात, १ मैल = १.६०९ किलोमीटर. आपलं अंतर १,८१७ सागरी मैल किंवा २,०९१ साधे मैल आहे. सागरी मैलांना १.६०९ने गुणलं तर ४४० किलोमीटर कमी भरतात.

विमान कुठून जातं

नेहमीच्या सपाट नकाशावर लिस्बनपासून हेलसिंकीपर्यंत पट्टी ठेवून रेघ ओढली, तर ती मध्यावर लक्झेंबर्गवरून जाते. बृहत्वृत्ताचा मध्य मात्र बेल्जियममध्ये, ब्रुसेल्सच्या जरासा पश्चिमेला येतो. पाव अंतरावर विमान बिस्केच्या उपसागरावर असतं, पाऊण अंतरावर स्वीडनच्या दक्षिण टोकाला, स्कोने प्रांतावर. पट्टीची रेघ पूर्ण मार्गभर एकच दिशा ठेवते, उत्तरेपासून पूर्वेकडे ४५ अंश. बृहत्वृत्तावर निघताना दिशा ३३ अंश असते आणि वळत वळत हेलसिंकीला पोचताना ती ६० अंश होते. पट्टीच्या रेघेने गेलं तर ३,३९४ किलोमीटर पडतात, म्हणजे ३० किलोमीटर जास्त. लांबच्या समुद्रपार मार्गांवर हा फरक शेकडो किलोमीटरचा होतो. युरोपात तो किरकोळच असतो.

प्रत्यक्षातलं विमान अगदी या कंसावरूनही जात नाही. धावपट्टी ज्या दिशेला असेल त्या दिशेने उडावं लागतं, मग वळावं लागतं. लष्करी सरावासाठी राखलेले पट्टे टाळावे लागतात, ढगांचे गडगडाटी मनोरे वळसा घालून ओलांडावे लागतात आणि उतरताना रांगेत लागावं लागतं. पूर्वी विमानांना ठरावीक हवाई रस्त्यांवरूनच जावं लागे. आता युरोपाच्या मोठ्या भागात वरच्या उंचीवर प्रवेशबिंदू ते निर्गमनबिंदू सरळ उडायची मुभा आहे आणि पोर्तुगालने ती २००९ सालीच दिली. तरीही हिशेबासाठी हवाई अंतरावर ३ ते ५ टक्के वाढ धरावी. आपण ४ टक्के धरू : ३,३६४चे झाले सुमारे ३,५०० किलोमीटर.

वेळ : तुकडे करून मोजायचा

‘विमानाचा वेग ८३० किलोमीटर, म्हणून ३,३६४ भागिले ८३०, म्हणजे ४ तास ३ मिनिटं’ असा हिशेब बरेच जण करतात. तो जवळजवळ पाऊण तासाने चुकतो. विमान सगळा वेळ त्या वेगाने जात नाही आणि तिकिटावरचा वेळ नुसत्या उडण्याचा नसतो, हे त्यात निसटतं.

तिकिटावर असतो तो ब्लॉक टाइम. विमान गेटवरून मागे ढकललं जातं तिथपासून दुसऱ्या विमानतळावर जागेवर उभं राहतं तिथपर्यंतचा वेळ. चाकांखालचे अडसर काढल्यापासून पुन्हा लावेपर्यंतचा. यात चार तुकडे असतात.

पहिला तुकडा गेट ते धावपट्टी. लिस्बनमध्ये वापरात एकच धावपट्टी आहे आणि त्याच धावपट्टीवर उतरणारी विमानंही असतात. सकाळच्या गर्दीत रांग लागते, म्हणून १५ मिनिटं धरा.

दुसरा तुकडा चढण. सुमारे ३६,००० फुटांपर्यंत, म्हणजे ११ किलोमीटर उंचीवर, जायला या वर्गाच्या विमानाला साधारण २५ मिनिटं लागतात. तेवढ्यात ते सरासरी ५५० किलोमीटर वेगाने सुमारे २३० किलोमीटर पुढे गेलेलं असतं. उतरणही जवळपास तशीच : २५ मिनिटं, २२० किलोमीटर. दोन्ही मिळून ५० मिनिटांत ४५० किलोमीटर.

तिसरा तुकडा म्हणजे मधली सरळ वाट. या मार्गावरची एअरबस ए-३२० कुटुंबातली विमानं ध्वनीच्या ०.७८ पट वेगाने उडतात. ध्वनीचा वेग तापमानावर ठरतो. ११ किलोमीटर उंचीवर प्रमाण तापमान उणे ५६.५ अंश असतं, तिथे ध्वनी सेकंदाला २९५ मीटर जातो. त्याचे ०.७८ पट म्हणजे ताशी सुमारे ८२९ किलोमीटर. उरलेले ३,०५० किलोमीटर या वेगाने ३ तास ४१ मिनिटांत होतात.

चौथा तुकडा धावपट्टी ते गेट. हेलसिंकीला तीन धावपट्ट्या आहेत आणि कारभार सुरळीत असतो. ६ मिनिटं पुरेत.

बेरीज : १५ + ५० + ३ तास ४१ + ६ = ४ तास ५२ मिनिटं. हा वारा नसतानाचा वेळ आहे. असा दिवस मात्र क्वचितच मिळतो.

वारा

मध्य अक्षांशांत वरच्या हवेत वारा बहुतेक वेळा पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहतो. त्यातला सर्वांत वेगवान पट्टा म्हणजे जेट प्रवाह. तो हिवाळ्यात जास्त जोरात असतो. विमानाचा ८२९चा वेग हा आजूबाजूच्या हवेच्या तुलनेतला वेग आहे. जमिनीवरून मोजला तर त्यात वारा मिळवावा किंवा वजा करावा लागतो.

आपला मार्ग पूर्ण पूर्वेकडे नसून ईशान्येकडे असल्याने पश्चिमेचा वारा पूर्णपणे कामी येत नाही. निघताना दिशा ३३ अंश असते तेव्हा त्या वाऱ्याचा सुमारे ५४ टक्के भाग पाठीशी लागतो. शेवटी ६० अंशांवर तो ८७ टक्के होतो. सरासरी ७० टक्के धरा. म्हणजे ताशी ७० किलोमीटरचा पश्चिम वारा विमानाला सुमारे ५० किलोमीटरची मदत करतो.

जाताना जमिनीवरचा वेग ८७९ झाला, ३,०५० किलोमीटरला ३ तास २८ मिनिटं. ब्लॉक टाइम ४ तास ३९ मिनिटं. येताना वेग ७७९, ३ तास ५५ मिनिटं. ब्लॉक टाइम ५ तास ६ मिनिटं. सुरुवातीला दिलेले आकडे हेच. जाण्यायेण्यातला फरक जवळपास अर्ध्या तासाचा आहे आणि तो निव्वळ वाऱ्याचा आहे. ‘पृथ्वी पश्चिमेकडून पूर्वेकडे फिरते म्हणून पूर्वेला जायला उशीर लागतो’ हे ऐकीव कारण खोटं आहे. हवा पृथ्वीबरोबरच फिरते, आणि परिणाम तर उलटाच दिसतो.

एक बारीक गोष्ट लक्षात ठेवण्यासारखी आहे. मागच्या वाऱ्याने १३ मिनिटं वाचली, तेवढ्याच समोरच्या वाऱ्याने १४ गेली. वारा वाढेल तसा हा फरक वाढतो, कारण समोरच्या वाऱ्यात विमान जास्त वेळ अडकून राहतं. वादळी हिवाळ्यात परतीच्या विमानाला उशीर सहज होतो, त्याचं एक कारण हेच.

झटपट सूत्र

दरवेळी एवढं करायची गरज नाही. युरोपातल्या जेट विमानांसाठी हे सूत्र चांगलं चालतं : हवाई अंतराला ८००ने भागा, तितके तास, आणि त्यात ४० मिनिटं मिळवा. ३,३६४ भागिले ८०० म्हणजे ४ तास १२ मिनिटं, अधिक ४०, म्हणजे ४ तास ५२. वरच्या लांबलचक हिशेबाशी तंतोतंत जुळतं. फ्रँकफर्ट-व्हिएन्ना सुमारे ६२० किलोमीटर आहे. ४६ अधिक ४०, म्हणजे १ तास २६ मिनिटं, वेळापत्रकाच्या अगदी जवळ. लांबच्या मार्गावर पूर्वेला जाताना पाचदहा मिनिटं वजा करा, पश्चिमेला येताना तेवढीच मिळवा. पंख्याच्या छोट्या विमानांना हे सूत्र लावू नका. त्यांचा वेग ताशी ५००च्या आसपास असतो.

यातली ४० मिनिटं अंतरावर अवलंबून नाहीत, ती प्रत्येक उड्डाणाला मोजावीच लागतात. मध्ये थांबा घ्यायचा की नाही हे ठरवताना हीच गोष्ट कामाला येते. फ्रँकफर्टमार्गे जायचं म्हटलं तर लिस्बन-फ्रँकफर्ट १,८७४ आणि फ्रँकफर्ट-हेलसिंकी १,५३८, एकूण ३,४१२ किलोमीटर. थेट मार्गापेक्षा फक्त ४८ जास्त, कारण फ्रँकफर्ट जवळजवळ वाटेतच आहे. पण वेळ? ३ तास १ मिनिट अधिक २ तास ३५ मिनिटं, म्हणजे ५ तास ३६. किलोमीटर वाढले दीड टक्का, उडण्याचा वेळ वाढला पाऊण तास. त्यावर विमान बदलायला किमान दीड तास ठेवला तर सात तास झाले. फ्रँकफर्टला ४५ मिनिटांचीसुद्धा जोडणी तिकीट-यंत्रणा देते. पहिलं विमान वीस मिनिटं उशिरा आलं तर ती हातची जाते. सामान चेक-इन केलं असेल तर दीड तासाच्या आतली जोडणी घेऊ नये.

थेट विमान पोर्तुगालची टॅप आणि फिनलंडची फिनएअर या कंपन्यांचं असतं. वेळापत्रक हंगामानुसार बदलतं. विमान कंपन्यांचा उन्हाळी हंगाम मार्चच्या शेवटच्या रविवारी सुरू होतो आणि ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारच्या आदल्या दिवशी, शनिवारी, संपतो. एप्रिलचं वेळापत्रक पाहून नोव्हेंबरचं गृहीत धरू नका.

घड्याळ

तिकिटावरच्या दोन्ही वेळा त्या त्या ठिकाणच्या असतात. प्रवासाचा खरा वेळ काढायचा तर दोन्ही जागतिक प्रमाणवेळेत आणा. हिवाळ्यात पोर्तुगालची वेळ हीच जागतिक प्रमाणवेळ असते, फिनलंड २ तास पुढे. उन्हाळ्यात पोर्तुगाल १ तास पुढे, फिनलंड ३. म्हणजे आपसातला फरक वर्षभर दोनच तासांचा. युरोपीय संघातले सगळे देश एकाच क्षणी घड्याळ बदलतात, मार्च आणि ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी जागतिक प्रमाणवेळेनुसार रात्री १ वाजता. त्यामुळे हा फरक मधल्या काळात कधी हलत नाही. अपवाद युरोपीय संघाबाहेर सापडतात. आइसलंड घड्याळ बदलत नाही आणि तुर्कस्तानने २०१६पासून ते थांबवलं. इस्तंबूल किंवा रेक्याविक मध्ये असेल तर ऋतू पाहूनच हिशेब करा. पोर्तुगालच्याच अझोर्स बेटांवर वेळ लिस्बनच्या एक तास मागे आहे, मदेरात मात्र लिस्बनचीच.

घरी फोन करायचा असेल तर : हिवाळ्यात भारत लिस्बनच्या साडेपाच तास आणि हेलसिंकीच्या साडेतीन तास पुढे असतो, उन्हाळ्यात साडेचार आणि अडीच.

संध्याकाळी ७:३०ला लिस्बनहून निघणारं विमान हेलसिंकीला रात्री २:१०ला पोचतं. तिकिटावर वेळेशेजारी छोटा ‘+१’ असतो, तो नजरेतून सुटला की हॉटेलचं आरक्षण चुकीच्या तारखेचं होतं. त्या रात्रीसाठी खोली हवी असेल तर निघण्याच्या तारखेपासूनच घ्या आणि ‘पहाटे येतो’ असं हॉटेलला कळवून ठेवा. नाहीतर न आलेला पाहुणा समजून खोली दुसऱ्याला दिली जाऊ शकते.

घरापासून घरापर्यंत

ब्लॉक टाइम ४ तास ४० मिनिटं असला तरी दिवस त्याहून बराच मोठा जातो. लिस्बनच्या मध्यातून विमानतळाला मेट्रोच्या लाल मार्गिकेने अर्ध्या तासाच्या आत पोचता येतं. सामान द्यायचं असेल तर दोन तास आधी पोचा. लिस्बनला दोन टर्मिनल आहेत. दुसऱ्या टर्मिनलमधून स्वस्त कंपन्यांची विमानं फक्त सुटतात, येणारे सगळे प्रवासी पहिल्यातच उतरतात. मेट्रो पहिल्या टर्मिनलला येते आणि तिथून दुसऱ्याला मोफत बस असते. तिच्यासाठी पंधरावीस मिनिटं वेगळी ठेवावी लागतात.

दोन्ही देश शेंगेनमध्ये, म्हणजे आपसांत सीमेवर पासपोर्ट न तपासणाऱ्या युरोपीय देशांच्या गटात, आहेत, त्यामुळे थेट विमानाला पासपोर्टवर शिक्का नाही आणि इमिग्रेशनची रांगही नाही. तरी भारतीय पासपोर्ट असलेल्यांनी पासपोर्ट आणि व्हिसा किंवा रहिवास परवाना जवळच ठेवावा, चेक-इनच्या पिशवीत टाकू नये. विमान कंपनी ओळखपत्र मागू शकते आणि देश अधूनमधून तात्पुरती तपासणी सुरू करतात. पोर्तुगीज नागरिकत्व घेतलेल्या गोवेकरांना राष्ट्रीय ओळखपत्र पुरतं. लंडन किंवा डब्लिनमार्गे तिकीट काढलं तर हे सगळं बदलतं. तुम्ही शेंगेनबाहेर जाऊन परत आत येता आणि व्हिसा एकदाच प्रवेशाचा असेल तर हेलसिंकीत अडवलं जाईल. शिवाय तिथला स्वतःचा ट्रान्झिट व्हिसा लागू शकतो. दोनशे युरो वाचवायच्या नादात हा मार्ग घेऊ नका.

हेलसिंकीला सामान यायला वीस ते तीस मिनिटं धरा. विमानतळाखालीच रेल्वे स्थानक आहे, २०१५ साली सुरू झालेल्या वर्तुळ मार्गावरचं. आय आणि पी या दोन्ही अक्षरांच्या गाड्या हेलसिंकीच्या मुख्य स्थानकाला जातात. त्या उलटसुलट बाजूंनी वर्तुळ फिरतात पण दोन्हींना अर्ध्या तासाच्या आसपासच लागतो, तेव्हा आधी येईल ती पकडा. शेजारच्या एस्पो शहराकडे या गाड्या वळत नाहीत. तिकडे जाणाऱ्यांनी हेलसिंकीकडे येताना वाटेत पासिला किंवा हुओपालाहती स्थानकावर गाडी बदलावी. रात्री उशिरा गाड्या विरळ होतात, म्हणून पहाटे दोनला उतरणाऱ्याने शहरात जायची सोय आधी पाहून ठेवावी.

सगळं मिळवून लिस्बनमधल्या घरापासून हेलसिंकीतल्या घरापर्यंत सव्वाआठ ते साडेआठ तास, घड्याळात साडेदहा. सकाळी आठला घर सोडलं तर पोचेपर्यंत संध्याकाळचे साडेसहा. डिसेंबरमध्ये तिथे दुपारी सव्वातीनच्या सुमारास सूर्य मावळतो. जाड कोट हातातल्या सामानात ठेवा.

उशीर कशाने होतो

या मार्गावर उशिराची कारणं बहुधा तीन. एक, लिस्बनची गर्दी. सकाळचा एक उशीर दिवसभर पुढे सरकत जातो, म्हणून पहिलं विमान सर्वांत भरवशाचं. दोन, फ्रान्समधल्या हवाई नियंत्रकांचे संप. विमान फ्रान्समध्ये उतरत नसलं तरी फ्रान्सच्या आकाशातून जातं. मग अटलांटिककडून वळसा किंवा सुटण्यासाठी नवी वेळ. ही वेळ ब्रुसेल्समधून युरोपीय वाहतूक-केंद्र देतं. ठरलेल्या वेळेच्या ५ मिनिटं आधीपासून १० मिनिटं नंतरपर्यंतच्या खिडकीत विमान उडालं नाही, तर नवी वेळ घ्यावी लागते. म्हणून ‘सगळे बसले तरी विमान हलत नाही’ असं होतं. आणि तीन, हेलसिंकीच्या हिवाळ्यात पंखांवरचा बर्फ काढणं. बर्फाचा विमानतळाला चांगला सराव आहे, पण फवारणीला दहा ते वीस मिनिटं लागतातच. परतीच्या हिवाळी प्रवासात ती धरा.

तुमच्या विमानाचा खरा स्वभाव बघायचा तर विमान-मागोवा दाखवणाऱ्या ॲपवर त्याच क्रमांकाच्या उड्डाणाच्या मागच्या दोन आठवड्यांच्या नोंदी पाहा. तिथे बऱ्याचदा उडाल्यापासून टेकेपर्यंतचा वेळ दिलेला असतो. त्यात २० मिनिटं मिळवली की तो तिकिटाशी तुलना करण्याजोगा होतो.

अंतर आणि भरपाई

हवाई अंतराचा खिशाशी थेट संबंध इथे येतो. युरोपीय संघाचा नियम २६१/२००४ उशीर आणि रद्द उड्डाणांची भरपाई किलोमीटरवर ठरवतो, आणि अंतर बृहत्वृत्तानेच मोजायचं असं त्यात लिहिलेलं आहे. १,५०० किलोमीटरपर्यंत २५० युरो. संघातल्या संघात १,५००च्या वर ४०० युरो. संघाबाहेरच्या प्रवासाला १,५०० ते ३,५०० मध्ये ४०० आणि ३,५००च्या वर ६००. लिस्बन-हेलसिंकी दोन्ही टोकं संघात, म्हणून ४००. फ्रँकफर्ट-हेलसिंकी १,५३८ किलोमीटर आहे, म्हणजे तीही अगदी काठावरून ४००च्या गटात जाते. कंपनीने २५० देऊ केले तर वरचं गणित करून पाठवा.

एकाच तिकिटावर मध्ये विमान बदललं असेल तर तुकड्यांची बेरीज धरत नाहीत, पहिल्या आणि शेवटच्या विमानतळांमधलं सरळ अंतर धरतात. युरोपीय न्यायालयाने २०१७ साली हे स्पष्ट केलं. मुंबईहून युरोपीय कंपनीने फ्रँकफर्टमार्गे हेलसिंकीला येणाऱ्याचं अंतर म्हणून मुंबई-हेलसिंकी धरलं जातं, आणि ते ३,५००च्या बरंच पुढे आहे. जाताना, म्हणजे संघातल्या विमानतळावरून निघताना, कंपनी कुठलीही असली तरी नियम लागू होतो. येताना फक्त संघातली कंपनी असेल तरच.

भरपाईसाठी शेवटच्या ठिकाणी तीन तास किंवा जास्त उशीर व्हावा लागतो. वादळ, बर्फ, हवाई नियंत्रकांचा संप अशा कंपनीच्या हाताबाहेरच्या कारणांना पैसे नाहीत. कंपनीच्या स्वतःच्या कर्मचाऱ्यांचा संप सहसा या सवलतीत बसत नाही. जेवण आणि गरज पडल्यास हॉटेल मात्र कारण काहीही असलं तरी द्यावंच लागतं. लिस्बन-हेलसिंकीला सुटायला तीन तास उशीर होणार असेल तिथपासून जेवणाचा हक्क सुरू होतो. या नियमात बदल करण्याची चर्चा चालू आहे, तेव्हा दावा करताना त्या दिवशी लागू असलेला मजकूर बघा.

पोचण्याची वेळ कुठली धरायची यावरही निकाल आहे, २०१४चा. चाकं धावपट्टीला टेकली ती वेळ नाही, गेटवर थांबली तीही नाही. विमानाचं किमान एक दार उघडलं आणि प्रवाशांना उतरायला परवानगी मिळाली, ती वेळ. २ तास ५५ मिनिटांनी टेकलेलं विमान गेटवर पोचून दार उघडेपर्यंत तीन तासांची हद्द सहज ओलांडतं. म्हणून दार उघडताच फोनच्या घड्याळाचा फोटो काढा आणि बोर्डिंग पासबरोबर जपून ठेवा.